दुसऱ्यांच्या शेतातले अकरा दिवस

११ मार्च

अक्का,

पत्र फाडणारच असशील तर आधी वाच आणि मग फाड. कागद सरकारी आहे, जाड आहे, चुलीला बरा लागेल.

पाहणीला गावात आलो आणि घरी उतरलो नाही, याचा तुला राग आलाय हे मला मावशीच्या तोंडावरून कळलं. तुझ्या तोंडावरून काही कळत नाही, लहानपणीही कळायचं नाही. नियम असा आहे की ज्या घराची माहिती लिहून घ्यायची, त्या घरचं पाणीसुद्धा कारकुनाने प्यायचं नाही. शिवाय साहेब शेजारी उभे होते. म्हणून मला तुला ‘आपण’ म्हणावं लागलं. ‘आपलं कुटुंबप्रमुखाशी नातं काय?’ असं मी विचारलं आणि तू सरळ चेहऱ्याने म्हणालीस, ‘मीच प्रमुख. आपण कोण?’ साहेबांना काही कळलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशीला ऐकू कमी येतं, तरी ती नेमकी तेव्हाच हसली.

साहेब माणूस वाईट नाहीत. समुद्रापलीकडून आलेत, पण आपली भाषा शिकलेत, शिव्यांसकट. इथली शेतकरी घरं कशी जगतात, कोण किती राबतं, कुणासाठी राबतं, यावर ते पुस्तक लिहितायत. सरकारलाही तीच माहिती हवी आहे. साहेबांच्या लेखी घर म्हणजे एक चूल आणि त्या चुलीवर जेवणारे हात. हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच दिवशी लिहून दिलं आणि मी ते खिशात ठेवून चारशे बारा घरं फिरलो. पेरणीचे चौदा दिवस त्यांनी मुद्दाम निवडले, कारण त्या दिवसांत सगळे हात कामाला लागलेले असतात आणि मोजणी खरी येते.

तू जे सांगितलंस ते मी जसंच्या तसं लिहिलं. चौदा दिवसांपैकी अकरा दुसऱ्यांच्या शेतात, एक बाजारात, दोन पावसामुळे घरी. स्वतःच्या शेतात शून्य. सांगताना तुझी मान केवढी ताठ होती. बारा घरांची आपली सावड, आज सगळ्यांनी मिळून एकाचं शेत पेरायचं, उद्या दुसऱ्याचं, आणि तुझं शेत खोलगट म्हणून ओल उशिरा उतरणारं, त्यामुळे तुझी पाळी कायम शेवटची. म्हणजे तू सगळ्यांचे दिवस भरून मोकळी झाली होतीस आणि आता सगळे तुझ्याकडे यायचे होते. हे मला कुणी सांगायला नको. मी त्याच शेतात ढेकळं फोडलीत.

पण तक्त्यात सावडीचा रकाना नव्हता. ‘स्वतःच्या शेतात’ आणि ‘दुसऱ्याच्या शेतात’ असे दोनच होते. मी दुसऱ्यात अकरा लिहिलं. अक्षर चांगलं आलंय.

मावशीला सांग, मी वाळलेलो नाही, सदरा मोठा होता.

तुझा धाकटा


२ जुलै

अक्का,

तुझी चिठ्ठी गाडीवाल्याने आणून दिली. तीनच शब्द आहेत, ‘काय लिहिलंस तिथे?’ एवढ्यासाठी त्या बिचाऱ्याला तू दोन दिवस ताटकळत ठेवलंस, असं तो म्हणाला.

मी काय लिहिलं ते मार्चमध्येच कळवलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते आता सांगतो, कारण बाजाराच्या भिंतीवर लावलेली यादी वाचून तुम्हा लोकांना अर्धवट कळलं असणार.

ज्या घराचे दुसऱ्यांच्या शेतातले दिवस स्वतःच्या शेतातल्या दिवसांपेक्षा जास्त, ते घर मजुराचं. असा नियम झाला. मजुराचं घर म्हटल्यावर त्याची जमीन तो स्वतः कसत नाही, हे ओघानेच आलं. आणि स्वतः न कसलेली जमीन वाया जाऊ नये म्हणून ती सात वर्षांसाठी तंबाखूच्या कंपनीकडे द्यायची, आणि त्या घरातल्या माणसांना कंपनीने त्याच जमिनीवर काम द्यायचं. कागदावर हे सगळं फार व्यवस्थित दिसतं. मी स्वतः त्याच्या चार नकला केल्या.

आता आपल्या सावडीचा हिशेब बघ. बारा घरं. प्रत्येकाचा स्वतःच्या शेतात फार तर एक दिवस, दुसऱ्यांच्या शेतात दहा-अकरा. म्हणजे बाराच्या बारा घरं मजुरांची. मालक एकही नाही. आमच्या कचेरीत चौदा कारकून आहेत, पण ‘बारा मजूर नेमके कुणाच्या शेतात राबत होते?’ असं कुणी विचारलं नाही. मालकाची जागा रिकामी दिसली, कंपनी तिथे जाऊन बसली.

कंपनी मका काढून होईपर्यंत थांबणार आहे. हरकत घ्यायला सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. मी चौकशी करतो. तू उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

मला या महिन्यापासून आतल्या खोलीत जागा मिळाली आहे. खिडकी आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

धाकटा


१९ जुलै

अक्का,

चौकशी करतो म्हणालो होतो. चौकशी करण्यासारखं काही नाही, कारण मला सगळं माहीत आहे. तेच आज लिहितो. उद्या लिहायचं म्हटलं तर लिहिणार नाही.

तक्ते वर पाठवायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. आपल्या गावाचा तक्ता त्यांच्यासमोर होता. त्यांना काहीतरी खटकलं होतं, एवढं खरं. बोट ठेवून म्हणाले, ‘ही बाराही घरं एकमेकांना मजुरीवर लावतात का?’

मी सांगू शकलो असतो. नाही साहेब, मजुरी कुणी कुणाला देत नाही. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. तेवढंच. पण तेवढ्यावर ते थांबले नसते. मग कोण कुणाकडे आधी जातं, दिवस चुकला तर काय, म्हाताऱ्याचा दिवस आणि तरण्याचा दिवस सारखा धरता का, बाई बाळंत झाली तर तिची पाळी कोण भरतं, हे सगळं त्यांनी विचारलं असतं. त्यांना विचारायला आवडतं. जेवणाची घंटा झाली होती. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. आणि खरं सांगायचं तर मला लाजही वाटली. इतकी वर्षं टाय बांधून मी त्यांच्यासमोर बसतो, आता चिखलात कोण कुणाच्या पाळीला जातं हे समजावून सांगायचं म्हणजे मी तिथलाच असल्यासारखं दिसलं असतं.

मी म्हणालो, ‘हो, तसंच काहीसं.’

त्यांनी मान हलवली आणि सही केली. त्या दिवशी खानावळीत जेवण चांगलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

एवढंच झालं. कुणी लाच दिली नाही, कुणी दम दिला नाही. तू मनात काही मोठं कारस्थान धरून बसली असशील, लोहाराने तर कंपनीने मला विकत घेतलं असं गावभर केलंय म्हणे. त्याला सांग, मला कुणी विकत घ्यायलाही आलं नाही.

हरकतीचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. बाराही जणांनी अंगठे घेऊन यावं. सहा सप्टेंबरला सुनावणी.

धाकटा


८ सप्टेंबर

अक्का,

परवा तू गाडीत का बसली नाहीस?

मी खिडकीतून बघत होतो. बाकी अकरा जण गाडीत चढले, सुईणीने तुझ्यासाठी सरकून जागा केली, आणि तू मागे मागे चालत राहिलीस, वळणापर्यंत. ते तुला काही बोलले का? की तूच?

आत काय घडलं ते तुला निम्मंच ठाऊक आहे. उरलेलं सांगतो.

लोहार चांगलं बोलला. साहेबांनी विचारलं, ‘या बाईच्या शेतात तू पेरणी केलीस, तुला मजुरी काय मिळाली?’ तो म्हणाला, ‘काही नाही.’ ‘मग गेलास कशाला?’ ‘तिची पाळी होती.’ ‘आणि तुझ्या पाळीला ती आली नसती तर?’ लोहार म्हणाला, ‘का नसती आली?’ साहेबांनी तो प्रश्न तीन तऱ्हांनी फिरवून विचारला. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं. मला हसू आवरेना, मी दौतीत टाक बुडवत बसलो.

मग साहेबांनी कायद्याचं पुस्तक मागवलं. मजुरी दिली नाही, म्हणजे फुकट राबवून घेतलं. फुकट राबवून घेणं म्हणजे वेठ, आणि वेठीला सरकारने बंदी केलेली आहे, गरिबांच्या भल्यासाठी. ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, की तुम्ही सांगताय ते मी लिहून घेतलं तर बाराही जणांवर एकमेकांना वेठीला धरल्याचा गुन्हा होईल. तेव्हा सुईण म्हणाली, ‘मग शिक्षा पण एकमेकांनीच करायची का, पाळीपाळीने?’ तुम्ही सगळे हसलात. साहेबही हसले. पण त्यांनी पुस्तक मिटलं नाही, हे तू पाहिलं असशील.

तुम्हाला बाहेर बाकावर बसवलं तेव्हा त्यांनी मला आत ठेवून घेतलं.

म्हणाले, ‘तुझी ही नोंद चुकली असं तुझं म्हणणं असेल, तर चारशे बाराही चुकल्या. तू सगळीकडे हाच प्रश्न विचारलास. तसं म्हणणं आहे का तुझं?’ तू माझी बहीण हे त्यांना एव्हाना कळलं होतं. मग ते म्हणाले, ‘की फक्त बहिणीच्या तक्त्यात हात घसरला? स्वतःच्या शेतातले अकरा दुसऱ्याच्या रकान्यात पडले? तसं असेल तर मी आत्ता दुरुस्त करतो.’

त्यांना मदतच करायची होती. त्यांनी मला खुर्ची दिली होती, आणि कारकुनाला ते खुर्ची देत नाहीत.

मी म्हणालो, हात घसरला.

तुझं शेत सुटलं. मी धावत बाहेर आलो, केवढा तरी आनंद झाला होता मला, आणि ते मी सगळ्यांसमोर सांगून बसलो. इथे तरी जरा अक्कल वापरायला हवी होती. तू विचारलंस, ‘आणि यांचं?’ मी म्हणालो, ‘बघू पुढे.’ लोहाराने टोपी डोक्यावर घातली. मला त्या माणसाच्या डोळ्यांत बघवलं नाही.

दाखला सोबत पाठवतो आहे. सांभाळून ठेव. त्यावर लिहिलंय की हे घर आपली जमीन स्वतः कसतं.

धाकटा


२३ जानेवारी

अक्का,

चार महिन्यांत तुझं एक अक्षर नाही. मी पाठवलेला दाखला तू मक्याच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवलायस, हे गाडीवाल्याने सांगितलं. ठेव. शिक्का पुसू देऊ नकोस म्हणजे झालं.

कामाचं लिहितो. दाखल्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक अट आहे. तू ती वाचली नसशील, तशी ती कुणी वाचावी म्हणून छापलेलीच नाही. पेरणीच्या वेळी कारकून शेतावर पाहणीला येईल. शेत मुदतीत पेरलेलं हवं, आणि घरच्याच माणसांनी पेरलेलं हवं. बाहेरचा एक जरी हात दिसला तरी दाखला रद्द आणि शेत कंपनीकडे.

घरची माणसं म्हणजे तू आणि मावशी.

काल रात्रीपासून मी हेच गणित करतोय. तुझं शेत बारा माणसं एका दिवसात पेरायची, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. तू एकटीने केलंस तर बारा दिवस. मावशीला धरलं तर साडेअकरा, कारण ती अर्धा वेळ तुला काम सांगण्यात घालवणार. आणि त्या खोलगट जमिनीला पेरण्याजोगी ओल राहते ती जेमतेम तीन दिवस. आधी पाय रुततो, नंतर विटेसारखी होते. म्हणजे दाखल्यावर लिहिलंय ते तू कधीच करू शकत नाहीस. तूच कशाला, त्या गावात कुणीच कधी केलेलं नाही. साहेबांची चूल आणि हात ही व्याख्या मी इतके दिवस खिशात घालून फिरलो, आणि असलं एकही घर मला भेटलं नव्हतं, हे आत्ता कळतंय. मी काय झोपेत फिरत होतो कुणास ठाऊक.

बाकी अकरा शेतांत तंबाखू आहे. मी मागच्या आठवड्यात कंपनीच्या कामाने तिकडून गेलो होतो, पण गावात शिरलो नाही. सड्यावर, वरच्या कातळमाळावर, उभा राहून पाहिलं. घंटेवर सगळे खाली वाकतात, घंटेवर उठतात. लोहार स्वतःच्याच बांधावर मुकादमाला विचारून पाणी प्यायला गेला.

ते आता तुझ्याकडे येऊ शकत नाहीत. आले तरी मी सांगतो त्या अटीत बसत नाहीत. आणि तू सुटलीस, ते अडकले, म्हणजे यावंसं त्यांना वाटायचं कारणही नाही.

कुणीतरी उपाय सुचवेल म्हणून हे लिहीत नाही. तुला आधी ठाऊक असावं म्हणून लिहितो.

धाकटा


१७ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीवर लिहिलंस, कागद वाचवलास. ‘लोहारणीने बोलणं टाकलं. सुईण बोलते. मावशी बरी.’ याला पत्र म्हणतात का? तारेला सुद्धा यापेक्षा जास्त शब्द लागतात.

पण काल कंपनीचा मुकादम कचेरीत आला होता आणि तुझ्याविषयी बोलत सुटला. मी तुझा भाऊ हे त्याला माहीत नाही. म्हणाला, त्या गावात एक खुळी बाई आहे. स्वतःचं शेत मोकळं, कामाची सक्ती नाही, तरी ऑक्टोबरपासून अधूनमधून घंटेला येऊन उभी राहते. आज अमक्याच्या जागी मी, त्याला घरी राहू दे, म्हणते. सुईणीला एकीकडे बाळंतपण होतं, त्या दिवशी ती. गवंड्याची कंबर धरली, त्या दिवशी ती. लोहारणीला ताप चढला, तिच्या जागी दिवसभर पानं तोडली, आणि लोहारीण तिच्याशी बोलत नव्हती म्हणे. मजुरीची चिठ्ठी त्याच माणसाच्या नावाने फाडायला लावते. मुकादम म्हणाला, ‘तंबाखूच्या चिकाने हात काळे होतात, धुतले तरी जात नाहीत, आणि ही हौसेने करते.’

मी विचारलं, असे किती दिवस झाले. त्याने वही काढली. प्रत्येक घरामागे एक.

म्हणजे तू परत अकरा दिवस दुसऱ्यांच्या शेतात भरलेस. अक्का, तुझ्यापुढे मी काय बोलणार. मला बोलायचं नव्हतं, मुकादमासमोर तर नव्हतंच, पण डोळ्यांत पाणी आलं आणि मी तंबाखूवर ढकललं. त्याच्या कपड्यांना वास येतच होता.

आता जे लिहितो ते लिहायची मला परवानगी नाही. पाहणी नऊ मार्चला आहे. त्या दिवशी कंपनीची सुट्टी असते. आणि येणारा कारकून मीच आहे. मी मागून घेतलंय. ही तारीख मी तुला का कळवतोय याचा तुला हवा तो अर्थ काढ. त्या दिवशी शेतात बाहेरचं माणूस दिसलं तर मला ते लिहावं लागेल, एवढं लक्षात असू दे. माझ्या भरवशावर राहू नकोस. मी किती भरवशाचा आहे हे तुला माहीत आहे.

धाकटा


१५ मार्च

अक्का,

नऊ तारखेनंतर काय झालं ते कळवायला सहा दिवस लागले, कारण रोज काहीतरी घडत होतं.

तू जे पाहिलं नाहीस ते आधी सांगतो. मी उजाडतानाच आलो होतो. चिंचोळ्या वाटेने वर येऊन सड्याच्या मागे उभा राहिलो, तासभर. मला वाटलं होतं, तू आणि मावशी दोघीच असाल. तसं असतं तर मी ‘पेरणी अपूर्ण’ लिहून निघून गेलो असतो. खरंच सांगतो, लिहिलं असतं आणि परत येऊन तुला लांबलचक पत्र पाठवलं असतं.

शेतात तेरा माणसं होती. सुट्टीचा एकच दिवस मिळतो त्यांना आठवड्यात. लोहार रेघा ओढत होता. लोहारीण तुझ्या शेजारी दाणे टाकत होती आणि अजूनही तुझ्याशी बोलत नव्हती. अवघा दिवस ती मावशीमार्फत बोलली, ‘तिला सांगा ओळ वाकडी जातेय.’ मावशीला ऐकू येत नाही, त्यामुळे ते सगळ्या शिवाराला ऐकू गेलं.

मी बांधावर आलो तेव्हा कुणी काम थांबवलं नाही. तू कमरेवर हात ठेवून नुसती बघत राहिलीस. मी तक्ता काढला. चौथा रकाना, ‘पाहणीच्या वेळी शेतात काम करणाऱ्या बाहेरच्या व्यक्ती’. मी टाक बुडवला. शाई वाळली. परत बुडवला.

मग मी एकेकाला बोलावून नातं विचारलं, तुझ्याशी. तुला वाटलं असेल, हा सरकारी खाक्या आला पुन्हा. गवंडी म्हणाला, ‘नातं कसलं, शेजारी.’ मी म्हणालो, ‘शेजाऱ्याचा रकाना नाही. नीट आठवून सांगा.’ सुईणीच्या ध्यानात आधी आलं. म्हणाली, ‘लिही, चुलतबहीण.’ मग सगळ्यांनाच आठवायला लागलं. लोहार दीर झाला. गवंडी मामा. नावाड्याने जावई व्हायचं म्हटलं तेव्हा तू ढेकूळ उचललंस, म्हणून त्याला भाचा लिहिलं. लोहारणीला विचारलं तर तिने मान फिरवली आणि मावशीला म्हणाली, ‘सांगा त्याला, जाऊ लिही.’ तू तेव्हा पदराने तोंड पुसत होतीस. घाम होता म्हणशील.

घरची माणसं तेरा. बाहेरची शून्य. शेत पूर्ण पेरलेलं. खाली माझी सही.

हा माझ्या नोकरीतला पहिला खोटा तक्ता, असं मी परतताना गाडीत स्वतःला सांगत होतो. निम्म्या वाटेवर वाटलं, मागचेच खोटे होते. पण या गोष्टी गाडीत वाटतात, कचेरीत गेल्यावर वाटत नाहीत.

साहेबांनी तक्ता वाचला. परत वाचला. म्हणाले, ‘मागच्या वर्षी या घरात दोन माणसं होती.’

‘मागच्या वर्षी मी चुकीचं मोजलं,’ मी म्हणालो.

‘बहिणीचं घर?’

‘चारशे बारा घरं, साहेब.’

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बस म्हटलं आणि सावड म्हणजे काय ते विचारलं. म्हाताऱ्याचा दिवस, तरण्याचा दिवस, बाळंतिणीची पाळी, सगळं. मी सांगितलं. दुपार गेली, दोघंही जेवलो नाही. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. शेवटी म्हणाले, ‘माझं पुस्तक छापायला गेलंय. नववा तक्ता तुझ्या गावाचा आहे.’

तुझा तक्ता मंजूर करावा तर तो खोटा आहे हे त्यांना कळलंय. नामंजूर करावा तर कारण लिहावं लागतं, आणि खरं कारण लिहिलं की पुस्तक कोसळतं. त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. तक्ता खणात आहे तोवर तुझ्या शेतावर कुठलाही हुकूम निघू शकत नाही. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी दुसरे साहेब येतील आणि खण उघडतील. हा मका मात्र तुझा. बाकी अकरा शेतांचं मी काहीच करू शकलो नाही, ते तंबाखूतच आहेत, आणि हे मी ‘बघू पुढे’ म्हणून झाकणार नाही.

कारकुनाला काढायला मात्र कारण लिहावं लागत नाही. माझी नोकरी गेली. शुक्रवारी खोली सोडायची आहे. खिडकीला पडदा घेतला होता, तो मावशीला पाठवतो, परकराला होईल.

त्या दिवशी शेवटच्या ओळीला आलात तेव्हा तू मला म्हणालीस, ‘उतर की खाली.’ मी म्हणालो, बूट खराब होतील. खरं कारण ते नव्हतं. तुमच्यात उतरायचा हक्क मला कुणी परत दिलाय असं मला वाटेना, आणि तू नुसतं बोलावलंस म्हणून मी तो घेऊन टाकावा हेही बरोबर वाटेना. तक्त्यात तेरा नावांच्या खाली आणखी एका नावाला जागा होती. मी गाडीत वाटभर ती ओळ बघत आलो आणि रिकामी ठेवली. तिथे कोण, ते प्रमुखाने सांगायचं असतं.

शनिवारपासून माझे सगळे दिवस मोकळे आहेत. तू सांगशील त्याच्या शेतात भरतो.

धाकटा